सार्वजनिक जलाशयांवर सरसकट मनाई असावी का?

जलरेखा (धागाकर्ती)

‘पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे’ एवढाच मजकूर असलेला फलक सार्वजनिक तलावांच्या आणि धरणांच्या काठी बहुतेकांनी पाहिला असेल. ही मनाई कशासाठी आहे, ती संपूर्ण जलाशयाला लागू आहे की एखाद्याच भागाला, बारमाही आहे की पाणी सोडण्याच्या काळापुरती, यातले काहीही त्यावर लिहिलेले नसते. माझे म्हणणे असे की, लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या जलाशयात पोहणे, वल्हवणे, गळ टाकून बसणे याला मुळात मोकळीक असावी, मनाई अपवाद म्हणून असावी आणि प्रत्येक अपवादाचे कारण काठावरच लिहिलेले असावे.

हे इतरत्र घडलेले आहे. अमेरिकेतील हूवर धरणामागील लेक मीड या जलाशयाच्या परिसरात करमणुकीसाठी राखीव क्षेत्राची व्यवस्था १९३६ सालीच सुरू झाली. पुढे १९६५ च्या कायद्याने अमेरिकेतील संघीय जलप्रकल्पांचे नियोजन करतानाच मैदानी करमणुकीचा पूर्ण विचार करणे बंधनकारक झाले. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने तर जबाबदारीने वागण्याच्या अटीवर अंतर्गत जलाशयांवर जाण्याचा हक्कच दिला आहे. उलट, नुसत्या फलकामुळे पोहणारा पोहायचे सोडत नाही. तो नजरेआडच्या कोपऱ्यात जातो, जिथे दोर फेकायलाही कोणी नसते.

सांडवा

धागाकर्तीच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण मूळ गृहीतक मान्य नाही. जलाशय दिसतो तलावासारखा, वागतो मात्र यंत्रासारखा. उन्हाळ्यात वरचा थर तापतो आणि खालचे जड, थंड पाणी त्यात मिसळत नाही. उभे राहिलो तर छातीपाशी कोमट आणि पावलांपाशी झोंबणारे गार, असा अनुभव एकाच वेळी येतो. पंधरा अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात माणूस अचानक पडला की पहिला श्वास आपोआप, न ठरवता, खोल घेतला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही.

त्यातच पाणी ओढणारी तोंडे खोल असतात आणि वर भोवराही दिसत नाही. खोलीच्या दर मीटरमागे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन भार वाढतो. त्या तोंडांवरच्या जाळीशी चिकटलेल्या माणसाला त्या दाबाविरुद्ध हातांनी ओढून काढता येत नाही. दरवाजे अनेकदा दूरच्या नियंत्रण कक्षातून उघडतात. पातळी उतरली की काल पुरुषभर पाण्यात असलेले बुंधे आणि जुन्या भिंती आज गुडघाभर पाण्याखाली येतात, आणि काठचा गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसला तरी पाय ठेवताच मांडीपर्यंत आत घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यात भर घालण्याची जबाबदारी धरण चालवणाऱ्यांनी का घ्यावी?

जलरेखा

आपण सांगितलेला प्रत्येक धोका खरा आहे, आणि म्हणूनच तो फलकावर हवा. पण यांतले बरेच धोके ठरावीक जागेचे किंवा ठरावीक वेळेचे आहेत. भिंत, सांडवा आणि पाणी उचलणारा मनोरा यांच्याभोवती तरंगत्या पिंपांची साखळी लावून तेवढा भाग कायमचा बंद ठेवता येतो. पातळी झपाट्याने उतरत असेल त्या दिवशी काठ बंद करता येतो. थंड पाण्याचा धक्का मात्र सर्वत्र संभवतो, आणि नेमका तिथेच मनाईचा फलक काही शिकवत नाही. पहिला मिनिटभर हातपाय न मारता उताणे तरंगत राहावे, श्वास ताब्यात आल्यावरच काठाकडे वळावे, हे दोन ओळींत लिहिता येते. चुकून पाय घसरून पडलेल्यालाही त्या ओळी उपयोगी पडतील. त्याच्यावर मनाईचा काय परिणाम होणार?

ओंजळ

दोघांच्याही बोलण्यात पिणारा माणूस कुठेच नाही. मी पोहण्याच्या विरोधात नाही, पण पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात पोहण्याच्या ठाम विरोधात आहे. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी आजारी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात तो शुद्धीकरण केंद्रातून पार झाला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. तिथे दोष पोहणाऱ्यांचा होता असे मी मुळीच म्हणत नाही; गाळणी असूनही हा जीव निसटला तर काय होते, एवढेच त्यातून दिसते. बॉस्टनला पाणी देणाऱ्या क्वाबिन जलाशयाचे पाणी न गाळता पुरवले जाते, आणि म्हणून तिथे पोहण्याला बंदी आहे. ठरावीक भागात बोटीतून मासेमारीला मात्र परवानगी आहे. माझ्या मते कसोटी ही असावी: पाणी गाळले जाते का, आणि उपशाचे तोंड पोहण्याच्या जागेपासून किती दूर आहे. मालकी लोकांची आहे हे खरे, पण नळाशी उभे असलेलेही लोकच आहेत.

टिटवी

पोहणाऱ्यांवर इतकी चर्चा झाली आणि मोटारबोटींचा उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटते. जुन्या धाटणीचे कार्ब्युरेटरचे टू-स्ट्रोक इंजिन आपल्या इंधनाचा जवळजवळ चौथा हिस्सा न जाळताच पाण्यात सोडते; अमेरिकेतील लेक टाहो या सरोवरावर १९९९ पासून अशा इंजिनांना बंदी झाली ती त्यामुळेच. वेगाने जाणाऱ्या बोटीची लाट काठाची माती खणते आणि लव्हाळ्यात तरंगती घरटी बांधणाऱ्या पक्ष्यांची अंडी बुडवते. स्कॉटलंडचा जो कायदा वर सांगितला, त्यातही करमणुकीसाठीच्या इंजिनाच्या बोटींना तो हक्क नाही, हे जलरेखा यांनी सांगायला हवे होते.

आणि बिनइंजिनाची नाव निरुपद्रवी असते, असेही नाही. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांच्या परिसरात सापडलेले झेब्रा शिंपले आणि त्यांचेच भाऊबंद, २००७ मध्ये लेक मीडमध्ये आढळलेले क्वागा शिंपले, यांची पिले डोळ्यांना दिसत नाहीत. नावेच्या तळाशी राहिलेल्या ओंजळभर पाण्यातून ती दुसऱ्या जलाशयात पोहोचतात, नळांच्या आत थर धरतात आणि एकदा वसली की मोठ्या जलाशयातून पुन्हा हटत नाहीत. नाव धुऊन, पाणी काढून, पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात उतरवू नये, हा नियम मला पोहण्याच्या मनाईपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

वल्हेकरी

धुण्या-वाळवण्याच्या नियमाशी पूर्ण सहमत. इंजिनांवर सरसकट बंदी मात्र नको: ज्यांना वल्हवणे शक्य नाही, अशा अपंग आणि वृद्ध माणसांसाठी संथ विजेची बोट हाच पाण्यावर जाण्याचा मार्ग असतो. वेगाला मर्यादा घाला, लव्हाळ्याचे पट्टे विणीच्या काळात बंद ठेवा. शिवाय लाइफ जॅकेट सक्तीचे करा. अमेरिकी तटरक्षक दलाच्या नोंदींनुसार २०२२ मध्ये बोटींच्या अपघातांत बुडून मेलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांच्या अंगावर ते नव्हते.

जलरेखा

टिटवी यांचा आक्षेप रास्त आहे. मी मागते ती मोकळीक इंजिनाच्या बोटींसाठी नाही, पण संथ विजेच्या बोटीबद्दल वल्हेकरी यांचे म्हणणे मला पटते. ओंजळ यांची कसोटीही मान्य आहे, कारण तिच्यात प्रत्येक जलाशयाची वेगळी तपासणी अभिप्रेत आहे आणि सरसकट मनाईत नेमकी तीच टाळली जाते.

सांडवा

तपासणी, पिंपांची साखळी, नावा धुण्याची जागा आणि जीवरक्षक, यांतले प्रत्येक काम रोज करणारी माणसे लागतात. ती नेमण्याआधी काठ खुला झाला, तर पहिल्या अपघातानंतर तो पूर्वीपेक्षा कडक बंद होईल, आणि तेव्हा कारण विचारायलाही कोणी थांबणार नाही. फलकावर कारणे लिहिण्याला माझी हरकत नाही, ती उद्याच लिहावीत. काठ खुला करण्याला मात्र आहे, आणि प्रशिक्षित जीवरक्षक प्रत्यक्ष काठावर उभा दिसेपर्यंत ती राहील.