लूप मध्येच थांबण्याचे कारण

फ्लॅक (काटछाट न करता ध्वनी साठवणाऱ्या) फायलींचे एमपी३ करण्यासाठी सुचवली जाणारी, ‘फाइंड’ या आज्ञेने काढलेली फायलींची यादी ‘व्हाइल रीड’च्या लूपला (एकेक नाव वाचून तेच काम पुन्हा करणाऱ्या भागाला) पुरवणारी शेल स्क्रिप्ट एक-दोन गाणी करून थांबते किंवा पुढच्या नावांची सुरुवातीची अक्षरे गाळते, अशी तक्रार असते. दोष लूपचा नाही. रूपांतराचे काम करणारा एफएफएमपेग हा प्रोग्रॅम चालू असताना कळफलकावरून येणाऱ्या आज्ञांसाठी (‘क्यू’ दाबला की थांबायचे, वगैरे) स्टँडर्ड इनपुट (प्रोग्रॅमला मजकूर मिळण्याची नेहमीची वाट) वाचत असतो, आणि फायलींची यादीही त्याच वाटेने येत असल्यामुळे लूपच्या वाट्याची अक्षरे तो परस्पर गिळून टाकतो. आज्ञेत ‘-नोस्टडिन’ हा पर्याय घातला की हा प्रश्न मिटतो.

आज्ञेत फाईलचे नाव धरणाऱ्या व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हे मात्र विसरू नयेत. कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या कीर्तनांच्या माझ्या फायलींची नावे ‘भाग १ पूर्वरंग’ अशा धर्तीची होती, आणि अवतरणांअभावी नाव मोकळ्या जागेपाशी तुटून एफएफएमपेग नुसत्या ‘भाग’ नावाची फाईल शोधत बसला. चूक लक्षात येईपर्यंत माझी संध्याकाळ गेली.

दर्जासाठी ‘-क्यू:ए २’ हा पर्याय पुरेसा वाटतो. त्यात बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास राहतो. फ्लॅकमधील गायक, अल्बम इत्यादी माहिती एमपी३मध्ये आपोआप उतरते. मूळ फाईल ओपस (एमपी३सारखाच काटछाट करणारा ध्वनिप्रकार) असेल तर ती माहिती ध्वनिप्रवाहाला जोडलेली असल्याने ‘-मॅप_मेटाडेटा ०:एस:०’ असे स्पष्ट सांगावे लागते. अर्थात ओपसवरून एमपी३ करणे म्हणजे आधीच काटछाट झालेल्या ध्वनीला पुन्हा कात्री लावणे असल्यामुळे, जुन्या कार स्टीरिओसारखी अडचण नसेल तर मी ते टाळेन.