चावडीवरची महायुद्धाची पाटी उखडावी काय?

वेशीवरचा : ‘चावडीच्या भिंतीतली इंग्रजी पाटी ही गुलामीची खूण आहे, ती उखडून ग्रॅनाइटचा चौथरा बांधावा आणि वर फायबरचा जवान उभारावा,’ असे येथे काल कोणी लिहिले, ते वाचून राहवले नाही. 1914 ते 1919 च्या महायुद्धात गावातून किती जण गेले आणि त्यांपैकी किती कामी आले, एवढेच त्या संगमरवरावर आहे. परंतु तेवढेही पुसले, तर ही माणसे गेली होती हे सांगणार कोण? साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाने त्याच युद्धात कामी आलेल्या आपल्या 46 जणांचे स्मारक आजवर जपले, ते काय इंग्रजांच्या प्रेमापोटी?

कृष्णाकाठ : कालचा मजकूर माझाच. माझे खापरपणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेले, ते परतलेच नाहीत. आमच्या पाटीवर ते केवळ एका आकड्यात आहेत. बसऱ्याच्या स्मारकावरही गोऱ्या शिपायांची नावे कोरली आणि हिंदी शिपायांची नुसती संख्या दिली. हार घालायचा तो आकड्याला?

पाथरवट : बहुतेक वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या जुन्या स्मारकशिळांवर, तरी नाव कुठे असते? खाली झुंज, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. तेवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या नारळ फुटले. उलट आमच्या शेजारगावच्या फायबरच्या जवानाची बंदूक दुसऱ्याच पावसाळ्यात मोडली आणि आता त्याच्या हातात दांडके तेवढे उरले आहे.

माजी सुभेदार : वीरगळांचे कौतुक आम्हाला ऐकवू नका. आमच्या वेशीतल्या वीरगळावर दर जत्रेला ऑइलपेंट फासतात; घोड्याचे तोंड कोणते आणि शेपूट कोणते, हेही आता कळत नाही.

पाथरवट : आणि पाटी ॲसिडने धुऊन तिची अक्षरे कोणी घालवली? माजी सैनिकांच्याच श्रमदानात ना?

माजी सुभेदार : हो, घालवली. आम्ही निदान हात तरी लावला; आपण शहरात बसून दगडावर प्रवचने देता.

वेशीवरचा : भांडण रंगाचे नाही. नावे हवीत, हे कृष्णाकाठांचे म्हणणे मला मान्य करावे लागते, जरी त्यांनी ते कुदळ हातात घेऊन मांडले असले तरी. नावांची मराठी पाटी शेजारी लावावी, जुनी आहे तिथेच राहू द्यावी.

कृष्णाकाठ : बरे, कुदळ ठेवली. मात्र वारशाचा एवढा कळवळा असलेल्या मंडळींनी नावे शोधण्यासाठी घरोघरच्या ट्रंकांतले पेन्शनचे कागद आणि पदके पाहायला यावे. आमच्या घरापासून सुरुवात करा, चहा मिळेल.