मुंबईच्या हवेत अश्वगंधेचे बी केव्हा पेरावे?

मुलुंडची खिडकीबाग:
नमस्कार. आमच्या घराला दक्षिणेकडे ग्रिलची मोठी खिडकी असून तेथे तुळस, गवती चहा आणि पानओवा उत्तम वाढतात. आता अश्वगंधा, म्हणजेच आस्कंद, बियांपासून लावण्याचा विचार आहे. पाकिटावर पेरणीचा काळ जून-जुलै असा छापला आहे. परंतु त्या दिवसांत आपल्याकडे कुंडीतली माती वाळतच नाही. पेरणी पुढे ढकलावी का, आणि कुंडी किती खोल असावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

परसदार_बोरिवली:
जरूर पुढे ढकलावी. पाकिटावरचा काळ मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर पट्ट्यासारख्या कोरड्या भागाला धरून आहे. या पिकाला साधारण ६०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पुरतो, तर मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांतच २००० मिलिमीटरहून अधिक पडतो. त्यामुळे जूनमध्ये रुजलेली कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडण्याचीच शक्यता जास्त. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या आरंभी, पाऊस ओसरल्यावर पेरल्यास उगवणीला लागणारी ऊब मिळते आणि पुढचे पाच-सहा महिने कोरडे जातात. शिवाय त्या काळात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने आपल्या खिडकीला ऊनही भरपूर लाभेल. बी मात्र त्याच वर्षीचे घ्यावे, कारण जुन्या बियांची उगवण झपाट्याने घटते.

कुंडीतले_शेत:
वरील मताशी सहमत आहे. फक्त रोपे एका ट्रेमध्ये करून नंतर हलवण्याची पद्धत येथे टाळावी, असे सुचवतो. या झाडाचे सोटमूळ हेच औषधी अंग आहे आणि उपटताना ते दुखावले की पुढे त्याला फाटे फुटतात. म्हणून किमान १२ ते १५ इंच खोल कुंडीत किंवा ग्रो-बॅगमध्ये थेट पेरावे, बियांवर सेंटिमीटरभरच माती पसरावी आणि रोपे उगवल्यावर विरळणी करून एका कुंडीत एकच ठेवावे. निम्मी बागेची माती, उरलेल्यात वाळू जास्त आणि गांडूळखत थोडे, हे मिश्रण पुरेसे होते. खताचा हात सैल सोडला, तर पाने माजतात आणि मूळ बारीक राहते. कुळ वांग्याचेच असल्याने पानांची चाळणी करणारे ठिपक्यांचे भुंगेरे येतात. ते सकाळी हाताने वेचावेत.

मुलुंडची खिडकीबाग:
दोघांचेही आभार. मूळ तयार झाल्याचे कसे ओळखावे? घरी चूर्ण करून सासूबाईंना द्यावे, असा मानस आहे.

परसदार_बोरिवली:
पाने पिवळी पडून सुकू लागली आणि कागदी आवरणातली फळे लाल झाली, की मूळ काढावे. एका झाडाचे मूळ वाळल्यावर अगदी थोडे भरते, तेव्हा नियमित चूर्णाची अपेक्षा या कुंडीकडून ठेवू नये. सासूबाईंना थायरॉईड, मधुमेह किंवा रक्तदाबाचे औषध चालू असल्यास वैद्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. गरोदरपणात तर ते टाळतातच. पिकलेली काही फळे पाण्यात चोळून, गर धुऊन, बी सावलीत वाळवून ठेवल्यास येत्या ऑक्टोबरच्या पेरणीला ते ताजेच असेल.