‘प्रेसबिटेरियन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : अमेरिकेतील चर्चच्या इतिहासाचे भाषांतर करताना हा शब्द पानोपानी येतो. ‘एक प्रॉटेस्टंट पंथ’ म्हणून भागत नाही. ‘वडीलशाही चर्च’ चालेल का? आणि प्रेसबिटरी म्हणजे पाद्रीसाहेबांचा बंगलाच ना?

उत्तर : ‘वडीलशाही’ कृपया नको. मराठी कानाला त्यातून पितृसत्ता ऐकू येते. मूळ ग्रीक शब्द ‘प्रेसबितेरोस’, म्हणजे वयाने वा मानाने ज्येष्ठ. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तीताच्या पत्रात (१:५) नगरोनगरी ‘वडील’ नेमायला सांगितले आहे, ते हेच. मंडळी, म्हणजे एका स्थानिक चर्चचे सभासद, आपल्यातूनच हे वडील निवडते आणि ते पाळकाबरोबर (पाद्रीबरोबर) बसून कारभार पाहतात. अनेक मंडळ्यांवर अधिकार चालवणारा बिशप नसतो, एकट्याच्या हाती सत्ता नसते. म्हणजे हे नाव आधी कारभाराच्या पद्धतीचे आहे. त्यातले सिद्धांत सोळाव्या शतकातले धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांच्या परंपरेतले. गंमत म्हणजे इंग्रजीतला ‘प्रीस्ट’ही याच ग्रीक शब्दावरून आला.

नाव ‘प्रेसबिटेरियन’ असेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘निवडलेल्या वडिलांच्या सभांमार्फत चालणारे’ असा खुलासा करावा. अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या चर्चने १९३० मध्ये स्त्रियांना हे पद खुले केले, तेव्हा ‘त्या वडील म्हणून निवडून आल्या’ हे वाक्य बिचकून बदलू नये.

प्रेसबिटरी म्हणजे बंगला, हा अर्थ रोमन कॅथलिकांकडचा. इथे ती एका भागातल्या मंडळ्यांची सभा आहे. फिलाडेल्फियात १७०६ मध्ये फ्रान्सिस मॅकेमी आणि इतर पाळकांनी अमेरिकेतली पहिली प्रेसबिटरी स्थापली. ‘बांधली’ लिहिले की सगळेच कोसळते.

भर : मग प्रेसबिटरीला ‘वडीलसभा’ म्हणावे, असे मला वाटते.

उत्तर : अडचण अशी की वडिलांची सभा खालच्या पायरीवरही असते. एका मंडळीचे पाळक आणि वडील मिळून ‘सेशन’. ‘वडीलसभा’ हा शब्द त्याला जास्त शोभतो. त्याच्या वर प्रेसबिटरी, मग अनेक प्रेसबिटरींची मिळून सभा म्हणजे सिनॉड, सर्वांत वर साऱ्या चर्चची जनरल असेंब्ली. फिलाडेल्फियाचा सिनॉड १७१७ मध्ये भरला, पहिली जनरल असेंब्ली १७८९ मध्ये. मात्र या चारही पायऱ्या सगळीकडे गृहीत धरू नयेत : १९७३ मध्ये वेगळ्या झालेल्या ‘प्रेसबिटेरियन चर्च इन अमेरिका’त सिनॉडची पायरीच नाही.

पाळकाचे सभासदत्व प्रेसबिटरीत असते, स्थानिक मंडळीत नव्हे. हे सुटले की ‘प्रेसबिटरीने पाळकाचे नाव कमी केले’ यासारखी वाक्ये कळतच नाहीत. या सभांना त्यांच्या भाषेत ‘कोर्ट’ही म्हणतात, कारण शिस्तीची प्रकरणे तिथेच चालतात. तिथे ‘न्यायालय’ लिहिले तर वाचक सरकारी कोर्टात जाऊन पोहोचतो. ‘चर्चची न्यायसभा’ लिहावे.

‘मॉडरेटर’ला अध्यक्ष म्हणण्याचा मोह आवरावा. मराठी शास्त्रात ‘अध्यक्ष’ हा ‘एपिस्कोपोस’चा प्रतिशब्द आहे, आणि बिशप हा शब्द त्यातूनच आला. बिशप नको म्हणणाऱ्यांच्या सभेवर आपणच बिशप बसवायचा का? मॉडरेटर ठरावीक मुदतीपुरता सभा चालवतो. बाकी अधिकार सभेचा.

प्रश्न : ‘ओल्ड स्कूल’ आणि ‘न्यू स्कूल’ या दोन शाळा होत्या का?

उत्तर : नाही, मतप्रवाह. त्यांच्या आधीचे ‘ओल्ड साइड’ आणि ‘न्यू साइड’ वेगळे, आणि ही सरमिसळ फार होते. १७४१ ची फूट पुनरुज्जीवनाच्या (श्रद्धा नव्याने जागवणाऱ्या) सभा आणि पाळकांची पात्रता यांवरून पडली. पाळक गिल्बर्ट टेनंट न्यू साइडचे. ती १७५८ मध्ये मिटली. १८३७ ची फूट निराळी. काँग्रिगेशनल चर्चबरोबर (यात प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतंत्रपणे पाहते) १८०१ मध्ये झालेला सहकार्याचा करार ओल्ड स्कूलने रद्द केला आणि चार सिनॉड बाहेर काढले. सिद्धांतांचा वाद होताच, गुलामगिरीचा प्रश्नही मागे होता. पहिल्या जोडीला ‘जुना पक्ष, नवा पक्ष’ आणि दुसरीला ‘जुने मत, नवे मत’ असे शेवटपर्यंत एकसारखे वापरले की गोंधळ टळतो.

दुरुस्ती : नावांतल्या शेपटांकडेही लक्ष हवे. यादवी युद्ध सुरू झाल्यावर डिसेंबर १८६१ मध्ये दक्षिणेकडच्या ओल्ड स्कूल प्रेसबिटरींनी ऑगस्टा, जॉर्जिया इथे वेगळे चर्च स्थापले. युद्धानंतर त्याचे नाव ‘प्रेसबिटेरियन चर्च इन द युनायटेड स्टेट्स’ झाले. उत्तरेकडच्या नावात पुढे ‘ऑफ अमेरिका’ होते. एवढ्याशा शब्दांनी उत्तर आणि दक्षिण ओळखायची! ‘अमेरिकेतील प्रेसबिटेरियन चर्च’ असे भाषांतर केले की दोन्ही एकच होतात, म्हणून कंसात ‘उत्तर’ किंवा ‘दक्षिण’ लिहावे. ही दोन्ही घराणी १९८३ मध्ये एकत्र आली. त्यानंतरच्या चर्चला ही विशेषणे लावू नयेत.

महाराष्ट्राच्या संदर्भातही ही काळजी लागते. अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे, त्याला प्रेसबिटेरियन लिहिणे चूक. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केलेले काम १८७० मध्ये उत्तरेकडच्या प्रेसबिटेरियन मिशन बोर्डाकडे आले. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उभारले, तेही याच मिशनचे. म्हणून १८७० च्या आधीच्या कोल्हापूरला हे विशेषण लावू नये.