सोलापूर: ना नावडले, ना भुरळ पडली

तुळजापूर, अक्कलकोट किंवा पंढरपूरला जाताना मुक्काम सोलापुरात करायचा आणि सकाळी पुढे निघायचे, अशी बहुतेकांची रीत असते. ज्यांनी या शहरासाठीच दिवस राखून ठेवला, त्यांना ते कसे वाटले? कौतुकाचा किंवा नाराजीचा आव न आणता लिहावे, ही विनंती. आलेली मते लिहिणाऱ्याच्या शहराच्या नावाखाली दिली आहेत.

ठाणे
2023 पासून मुंबईहून वंदे भारत धावू लागल्याने प्रवास सोपा झाला आहे, म्हणून गेलो. सिद्धेश्वर मंदिर तळ्यात आहे आणि भुईकोट किल्ला त्याच तळ्याच्या काठी. तटावरून दोन्हींचा देखावा सुरेख दिसतो, मात्र सकाळच्या दोन तासांत हे सारे पाहून संपते आणि पुढे काय, हा प्रश्न उरतो. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी मी मुद्दाम थांबलो. 1930 साली सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉनंतर (लष्करी अंमलानंतर) ज्या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली गेली, त्यांचे हे स्मारक. परंतु रहदारीच्या रेट्यात तिथे निवांत उभे राहणेही कठीण होते.

नाशिक
आम्ही चादरींसाठी गेलो होतो. पूर्व भागातल्या गल्ल्यांत यंत्रमागांचा खडखडाट दारापर्यंत ऐकू येतो. दुकानदार घरच्यांशी तेलुगूत, एका गिऱ्हाइकाशी कानडीत आणि आमच्याशी मराठीत, असे एकाच दमात बोलत होते. "ताई, उलटून बघा. जेकार्डची नक्षी मागंबी दिसती, रंग तेवढे पालटतात," असे म्हणत त्यांनी जेकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, चादर पुढ्यात पसरली, आणि खरोखरच समोर लाल असलेला मोर मागे पांढरा होता. हा तासभर मला किल्ल्याहून अधिक मोलाचा वाटला. पर्यटकाला शहर दाखवणाऱ्यांनी या गल्ल्या आधी दाखवायला हव्यात. सध्या त्या स्वतःच शोधाव्या लागतात.

पुणे
मे महिन्यात जाऊ नये, एवढेच सांगतो. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, आणि आम्ही उतरलो त्या लॉजवर नळाला पाणी रोज येत नसल्याने बादलीचा हिशेब ठेवावा लागला. कडक भाकरी, दही आणि तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी, या जेवणाबद्दल मात्र तक्रार नाही.

बेळगाव
वरील मतांशी मी बव्हंशी सहमत आहे, पण आपण सर्वांनी बहुधा चुकीचा हंगाम निवडला. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात उंच नंदीध्वज (मानाच्या काठ्या) पेलत मानकरी निघतात, तेव्हा एरवी पाहुण्याकडे फारसे लक्ष न देणारे हे शहर अनोळखी माणसालाही बाजूला सरकून जागा देते. विधी नीट समजून घ्यायचा तर सोबत कुणीतरी स्थानिक हवे. माझे नातेवाईक तिथे आहेत, म्हणून जमले. यात्रा नसताना मीही पंढरपूरच्या वाटेवर जेवणापुरताच थांबतो.