जेम्स पीटर्स : केवळ 5 सामन्यांवरून निष्कर्ष नको

वर एका सदस्यांनी जेम्स पीटर्स हे इंग्लंडकडून अवघे 5 रग्बी सामने खेळले म्हणून सामान्य खेळाडू ठरतात, असे म्हटले आहे. मला हा निकष अपुरा वाटतो. 1879 मध्ये सॅल्फर्ड येथे जन्मलेले, सर्कशीतल्या कुटुंबातले आणि पुढे अनाथाश्रमात वाढलेले पीटर्स व्यवसायाने सुतार होते, आणि 1906 मध्ये स्कॉटलंडविरुद्ध उतरून ते इंग्लंडचे पहिले कृष्णवर्णीय रग्बीपटू झाले. त्याच वर्षी दौऱ्यावर आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंनी, प्लिमथला डेव्हन परगण्याच्या संघात पीटर्स दिसताच, त्यांच्याविरुद्ध खेळण्यास आक्षेप घेतला. तो सामना झाला खरा, पण नंतर त्याच पाहुण्यांविरुद्धच्या इंग्लंडच्या संघातून पीटर्स यांना वगळण्यात आले. याला निवड समितीचा क्रीडाविषयक निर्णय म्हणणे मला तरी जड जाते.

1910 मध्ये गोदीतल्या अपघातात हाताची बोटे गमावूनही (चेंडू हाताळण्याच्या खेळात!) ते खेळत राहिले. पुढे पैसे स्वीकारल्यावरून हौशी रग्बीचे दरवाजे बंद झाल्यावर ते रग्बी लीग या रग्बीच्या वेगळ्या, व्यावसायिक प्रकाराकडे वळले. इंग्लंडला पुढचा कृष्णवर्णीय रग्बीपटू, क्रिस ओटी, थेट 1988 मध्ये मिळाला.