मदत हवी आहे: सान फेर्मिनमध्ये (स्पेनमधल्या पाम्प्लोना शहराचा जुलैतला उत्सव) पाम्प्लोनात जुन्या गावात राहणाऱ्यांसाठी

मंडळी, जुलैत आईबाबा इथे येताहेत आणि घर नेमकं एस्ताफेता गल्लीत, म्हणजे बैलधावेच्या (गल्ल्यांतून बैल सोडतात, लोक त्यांच्यापुढे धावतात) वाटेवरच. ठाऊक आहे तेवढं लिहिते, चुकलं तर सांगा.

६ जुलैला दुपारी १२ ला उत्सव सुरू झाल्याचा बार उडतो; उत्सवाचा लाल रुमाल त्यानंतरच गळ्यात बांधायचा. ७ ते १४ रोज सकाळी ८ वाजता धाव. सहा बैल, सोबत वाट दाखवणारे माणसाळलेले बैल, अंतर सुमारे ८५० मीटर. धावेचे रोज बार चार: गोठ्याचं दार उघडलं, सगळे बाहेर पडले, सगळे झुंजीच्या रिंगणात पोचले, सगळे आत कोंडले. चौथा होईपर्यंत रस्त्यावर उतरायचं नाही, कारण कळपातून मागे पडलेला एकटा बैल बावचळतो आणि उलटाही फिरतो. कुंपण दुहेरी असतं. दोन्हींमधली जागा पोलीस आणि रुग्णसेवकांची, तिथे बघ्यांनी उभं राहू नये.

विचारायचंय ते असं. सकाळी बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं तर इमारतीतून बाहेर पडायची सोय काय? रात्रीच्या ‘तोरो दे फुएगो’ला (फटाके लावलेला बैलाचा सांगाडा, आत माणूस) मुलांना सुती कपडे पुरतात का? सिंथेटिकला ठिणगीने भोक पडतं.

आणि सगळ्यात अवघड: सकाळी धावलेले बैल संध्याकाळी रिंगणात मारतात. पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवणाऱ्या आईला हे आधी सांगावं का? शेजाऱ्यांनी झुंजीची तिकिटं दिली, तर न दुखावता नकार कसा देता?